केसवर ओरखडा नव्हता

कुलूप निघालं, तिन्ही कड्या उघडल्या, रसिकाने गिटारच्या केसचं झाकण वर केलं आणि आत घातलेला हात मागे घेतला.

बेस गिटारची मान मोडली होती. जिथे मान संपते आणि खुंट्यांचं डोकं सुरू होतं, नेमकी तिथे. डोकं पुढे कललं होतं, लाकडाचा आतला फिकट रंग दिसत होता आणि चारही जाड तारा ढिल्या पडून लाल मखमली अस्तरावर लोळत होत्या.

उत्तनच्या चर्चच्या हॉलमध्ये त्या रविवारी चाळीसेक माणसं जमली होती. निकोलसला जाऊन वर्ष झालं होतं. तीस वर्षं त्याने ज्या बेसवर गावातली लग्नं नाचवली, तोच बेस आज त्याची शिष्या रसिका त्याच्या आठवणीत वाजवणार होती. निकोलसची बायको टेरेझा पुढच्या रांगेतून उठून आली, केसवर वाकली आणि मोडलेल्या मानेवरून तिने बोट फिरवलं. रडली नाही. डोक्याखालची रिकामी जागा चाचपून एवढंच म्हणाली, "टॉवेल न्हाय."

कोणी लक्ष दिलं नाही. अशा वेळी माणूस काहीबाही बोलतो.

सगळ्यांचं लक्ष गेलं रसिकाच्या वडिलांकडे. आत्माराम खानविलकर, वय सदुसष्ट, राहणार पूनम सागर, मीरा रोड. विमा कंपन्यांसाठी एकतीस वर्षं नुकसानीचे सर्व्हे केलेला माणूस. मोडतोड दिसली की खानविलकर हातातला चहा खाली ठेवत, चष्मा पुसत आणि बोलू लागत. मग समोरच्याला उगाचच आपण गुन्हेगार असल्यासारखं वाटे. निवृत्तीनंतर या कलेला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. सोसायटीत कुणाच्या गाडीला पोचा पडला तरी ते न बोलावता खाली उतरत.

त्यांनी केसचं झाकण लावलं आणि चारही बाजूंनी वाकून, बोट फिरवत पाहिलं.

"बाहेर ओरखडा नाही," ते म्हणाले. "एकही नाही. म्हणजे प्रवासात काही झालेलं नाही. कोणीतरी कुलूप उघडलंय, बेस बाहेर काढून मोडलाय आणि परत आत ठेवलाय."

"बाबा, प्लीज," रसिका म्हणाली.

"थांब जरा. घरून केस कोणी आणली?"

सगळ्यांच्या माना नॅथनकडे वळल्या.

नॅथन हा निकोलसचा पुतण्या. तिशी ओलांडलेला, शाळेत संगीत शिकवणारा आणि बँडमध्ये गिटार वाजवणारा. खानविलकरांचं आणि त्याचं या केसवरून आधीच वाजलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी टेरेझाने बेस रसिकाला द्यायचं ठरवलं, तेव्हा तो मीरा रोडला आला नॅथनच्या पाठीवर, एका जुन्या गिग बॅगमध्ये. कापडी बॅग, खांद्याला दोन पट्टे, तळाला ठिगळ. खानविलकरांना ती बघूनच कसंसं झालं.

"ही पिशवी? एवढ्या जुन्या वाद्याला?"

"पाठीवर असली की माणूस आपोआप जपून चालतो, अंकल," नॅथन म्हणाला होता. "दारातून जाताना वाकतो, गर्दीत वळून उभा राहतो. हार्ड केस हातात आली की बिनधास्त होतो. वर ती जड, बसमध्ये जाणार नाय, जिन्यात वळणार नाय."

"तुम्हा लोकांचं असंच. चालतंय म्हणून चालवायचं."

'तुम्हा लोकांचं' म्हणताना त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांनी लेकीसाठी हार्ड केसच, कडक कवचाची पेटी, मागवली आणि दुकानातून ती आणायचं काम नॅथनवरच टाकलं. नॅथनने मुकाट्याने आणली, टेरेझाला बरोबर घेऊन आला आणि बेस स्वतःच्या हाताने आत बसवून दिला. त्याच संध्याकाळी खानविलकरांनी केस आतून पुसून काढली, आत कोंबलेलं एक वास मारणारं फडकं धुवायला टाकलं, कड्यांना खोबरेल लावलं आणि केस बेडरूमच्या दाराआड उभी केली. वन बीएचकेमध्ये दुसरी जागा कुठली असणार? रोज येता-जाता ते तिच्यावर एक टिचकी मारत. आज सकाळी तर तिची परीक्षाही झाली होती. दाराआडून काढताना ती हातून निसटली आणि लादीवर उताणी पडली. स्वयंपाकघरातून हंसाताईंनी, त्यांच्या पत्नीने, "काय पडलं हो?" म्हणून विचारलं. "काही नाही, केस!" त्यांनी वळवून वळवून पाहिली, डाग नव्हता. स्वतःच्या निवडीवर ते इतके खूश झाले की आणखी एक चहा मागून घेतला. रसिका तोवर बँडच्या मॅक्सवेलबरोबर त्याच्या गाडीतून पुढे गेली होती. गाडीत स्पीकर होते, गिग बॅग मावली असती, केस मावली नाही. म्हणून केस न्यायला नऊ वाजता नॅथन आला.

आता हॉलमध्ये तोच नॅथन समोर उभा होता आणि खानविलकर चष्मा पुसत होते.

"आमच्याकडून किती वाजता निघालास?"

"नऊला."

"इथे पोचलास?"

"अकराला दहा कमी होते."

"मीरा रोडहून उत्तनला दोन तास?"

"बसवाल्याने घेतलं नाय, अंकल. दोन बस सोडल्या. कंडक्टर बोलला, ही शवपेटी घेऊन कुठे चाललास. मग भाईंदर वेस्टला स्टँडवरून रिक्षा केली."

"म्हणजे दोन तास केस तुझ्या एकट्याच्या ताब्यात होती."

"होती."

"केसच्या चाव्या दोन. एक माझ्या जुडग्यात. दुसरी कुठे आहे?"

"मला नाय माहीत."

"दुकानातून केस तूच आणलीस ना?"

"आणली. पण चावी मी..."

"आज सकाळी माझ्या दारात तू चावी मागितलीस. हो की नाही?"

नॅथनने एकदा टेरेझाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हो की नाही?"

"मागितली."

हॉलमध्ये कुजबुज उठली. खानविलकर मॅक्सवेलकडे वळले. "बेस रसिकाला मिळाला तेव्हा हा काय म्हणाला होता?"

मॅक्सवेल की-बोर्डच्या वायरी गुंडाळत होता. "जाऊ दे ना, अंकल."

"बोल."

"बोलला होता, निकोलस अंकलचा बेस घरातून बाहेर जायला नको होता."

झालं. चावी होती, वेळ होता, कारणही होतं. खानविलकरांनी आणखी काही बोलायची गरजच उरली नाही. टेरेझा नॅथनच्या अगदी जवळ गेली.

"मी विचारते तुला. तू केलंस?"

"आंटी, तू पण?"

टेरेझा थांबली. तिला 'नाही' हा शब्द हवा होता.

"घरी येऊ नको," ती म्हणाली.

नॅथन हॉलच्या मधल्या वाटेने निघून गेला. त्याच्या शाळेतले दोन शिक्षक मागच्या रांगेत बसले होते; त्यांनी पाय आखडून त्याला वाट करून दिली. खानविलकरांना त्या क्षणी, खोटं कशाला सांगा, बऱ्याच वर्षांनी फार बरं वाटत होतं.

घरी आल्यावर दारात चप्पल काढताना रसिका म्हणाली, "तुम्ही सर्व्हे केलाच नाहीत, बाबा. नुसता निकाल देऊन टाकलात."

"एकतीस वर्षं..."

"ती चावी दाखवा मला. नॅथनकडची. ज्या दिवशी दाखवाल त्या दिवशी मी तुमच्याशी बोलेन."

सोमवारी कळलं, नॅथन बँडमधून बाहेर पडला. टेरेझाला रविवारचं जेवण तो नेऊन द्यायचा, तो डबा तिने दारातूनच परत पाठवला होता. शाळेतही कुजबुज पोचली होती. रसिका हे सगळं आईला सांगत होती, वडिलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

मंगळवारी सकाळी खानविलकर भिंग आणि टॉर्च घेऊन उत्तनला गेले. टेरेझाच्या अंगणात दांड्यांवर बोंबील वाळत होते. तिने दार उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

"रीतसर पाहणी करायची आहे, टेरेझाबाई. पुरावा पक्का झालेला बरा."

रविवारपासून टेरेझाकडेच ठेवलेली केस पलंगावर होती. त्यांनी आधी कुलूप पाहिलं. कुणी तार घालून उचकटल्याची खूण नव्हती. मग आतला छोटा कप्पा उघडला, जिथे पट्टा आणि जादा तारा ठेवतात. त्याच्या झाकणाला आतून एक प्लास्टिकचं पाकीट चिकटवलेलं होतं. कंपनीचं, सीलबंद. त्यात वॉरंटीचं कार्ड होतं आणि दुसरी चावी होती.

खानविलकरांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. सील कुणी तोडलेलं नव्हतं. दुसरी चावी दुकानातून निघाल्यापासून कुलूपबंद केसच्या आतच होती.

"काय झालं?" टेरेझाने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. रविवारी सकाळी बायकोलाही त्यांनी हेच दोन शब्द ऐकवले होते, पण तेव्हा ते त्यांच्या ध्यानात आलं नाही.

त्यांनी बेस अलगद बाहेर काढला. ना डोक्यावर घाव, ना मानेवर कसल्या पकडीचा वण. रागाने मोडलेली वस्तू त्यांनी शेकड्याने पाहिली होती. राग कुठे ना कुठे खूण सोडतो. मग टॉर्च केसच्या तळावर धरला. डोकं जिथे येतं तिथे लाल अस्तरात चार खळगे होते. खुंट्यांच्या मागे धातूच्या पाट्या असतात, त्यांचे ठसे. स्क्रूच्या टोकांसकट उमटलेले. त्यांनी बोटाने घासून पाहिलं, मखमल वर येईना.

डोकं तळावर आपटलं होतं. जोरात. आणि तेही बेस केसमध्ये असताना, झाकण बंद असताना.

पण बाहेर ओरखडा नव्हता! खानविलकरांनी मोडका बेस पुन्हा केसमध्ये ठेवला आणि खाली वाकून बाजूने पाहिलं. धड खाचेत घट्ट बसलं होतं. मानेला मध्ये आधार होता. डोक्याखाली मात्र दोन बोटं मोकळी जागा होती.

"हे असं अधांतरीच असतं?"

"असतंच," टेरेझा म्हणाली. "डोकं मागं झुकलेलं हाय ना या बेसचं. म्हणून तर निकोलस तिथं टॉवेल घालायचा. केस पडली, तर धड थांबतं, डोकं न्हाय थांबत, बोलायचा. नॅथनने घातलेला आत, तुमच्याच घरी, माझ्यासमोर. आता न्हाय."

"नॅथनने घातला होता?"

"मग कोण घालणार?"

ज्याला बेस मोडायचा आहे तो त्याच्या डोक्याखाली टॉवेल कशाला ठेवील? पण अनुभवी माणसाला स्वतःच्या चुकीतूनही पळवाट सापडते. नॅथनने मुद्दाम केलं नसेल, कबूल. मग रिक्षातून उतरताना त्याच्या हातून केस पडली असेल आणि त्याने ते लपवलं असेल. म्हणजे दोष त्याचाच. फक्त कलम बदललं.

परतताना ते भाईंदर वेस्टच्या स्टँडवर उतरले. चार रिक्षावाल्यांना विचारल्यावर पाचवा सापडला.

"संडे को उत्तन? लंबा काला बक्सा? हाँ, मैं ही लेके गया।"

"उसके हाथ से गिरा था क्या? चढ़ाते वक्त, उतारते वक्त?"

"गिरेगा कैसे? पूरा रास्ता गोद में आडा पकड़ के बैठा था। दोनों साइड से बाहर निकल रहा था। मैंने बोला पीछे खड़ा कर दो। बोला नहीं, और धीरे चलाओ। हर गड्ढे पे बोलता था, धीरे।"

"इतना क्यों?"

"बोला, अंदर से कुछ आवाज आ रहा है। जब से घर से उठाया तब से। बोला, चाबी नहीं है, नहीं तो खोल के देखता।"

खानविलकर तिथेच उभे राहिले. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, "बैठना है क्या, अंकल?"

घरी आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हंसाताई पलंगावर कपड्यांच्या घड्या करत होत्या. वर एक जुना, निळ्या पट्ट्यांचा टॉवेल होता.

"हा कुणाचा?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता? तुम्हीच दिलात ना धुवायला, त्या केसमधला. तीनदा धुतला, बोंबलाचा वास जाता जात नाही."

ते पलंगाच्या कडेला बसले.

"रविवारी सकाळी आवाज केवढा झाला होता गं?"

"केवढा म्हणजे? धाडकन झाला. मी विचारलं तर म्हणालात, काही नाही." हंसाताईंचे हात घडीवरच थांबले. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि संसाराच्या चाळीस वर्षांत जे कळतं ते त्यांना कळलं. "अगं बाई. म्हणजे तुम्ही?"

खानविलकरांना लाज वाटली. ही लाज चारचौघांत धोतर सुटल्यासारखी नव्हती, ती निभावून नेता येते. चाळीस माणसांसमोर एकाला उभं करून त्याच्या तोंडून 'हो' वदवून घेतलं, ते स्वतःच्या हातून झालेल्या गोष्टीसाठी. आणि ते करताना आपल्याला मजा आली.

"कुणाला माहीत आहे?" हंसाताई हळूच म्हणाल्या. "रिक्षात गचके बसले असतील म्हणा. म्हणजे कुणाचंच नाव नको यायला. त्या मुलावरचंही जाईल."

वाक्य सोयीचं होतं. दोन दिवस खानविलकरांनी ते मनात घोळवलं, खरं वाटेपर्यंत घासून पाहिलं. जेवताना समोर ताट ठेवून रसिका आत निघून जायची. शुक्रवारी त्यांनी मनातल्या मनात अहवालही लिहिला: नुकसान अपघाती, कारण अनिश्चित. असे अहवाल त्यांनी आयुष्यात पुष्कळ लिहिले होते. मग त्यांना त्यातला एक आठवला, आणि तो आठवल्यावर जेवणच गेलं नाही.

शनिवारी त्यांनी टेरेझाला फोन केला. "उद्या प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये थांबायला सांगा. नॅथनलाही. कुणी केलं ते मी सांगणार आहे."

"आता आणखी काय सांगणार?"

"सांगतो. सगळ्यांसमोरच सांगायचं आहे."

रविवारी हॉलमध्ये गेल्या वेळेपेक्षा गर्दी जास्त होती. निकाल ऐकायला माणसं नेहमीच जास्त जमतात. नॅथन दाराजवळ भिंतीला टेकून उभा होता. तो आला तोच रसिकाने गळ घातली म्हणून. टेरेझा पुढच्या रांगेत होती, पण तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. खानविलकरांनी केस टेबलावर उघडी ठेवली, शेजारी सीलबंद पाकीट आणि निळ्या पट्ट्यांचा टॉवेल ठेवला. चष्मा पुसायला काढला, मग न पुसताच परत घातला.

"गेल्या रविवारी मी इथे तीन गोष्टी सांगितल्या," ते म्हणाले. "तिन्ही चुकीच्या होत्या. पहिली, नॅथनकडे दुसरी चावी आहे. ही बघा दुसरी चावी. कंपनीचं सील तसंच आहे. ही चावी केसच्या आत होती आणि केसला कुलूप होतं. म्हणजे माझ्या चावीशिवाय ही केस कुणीही उघडलेली नाही. शनिवारी संध्याकाळी रसिकाने धडधाकट बेस आत ठेवला, मी कुलूप लावलं, रविवारी इथे माझ्याच चावीने ते उघडलं. मधे काहीही झालं असेल तर ते बंद झाकणाआड झालं."

"बंद केसमध्ये मान कशी मोडेल?" मागून कुणीतरी विचारलं.

"हीच माझी दुसरी चूक. बाहेर ओरखडा नाही म्हणजे आत काही होऊ शकत नाही, असं मी म्हणालो. मॅक्सवेल, इथे येऊन अस्तर बघ."

मॅक्सवेल वाकला. "चार खड्डे आहेत."

"खुंट्यांच्या पाट्यांचे ठसे. केस उताणी पडली. कडक कवच, सपाट लादी, अख्ख्या पाठीवर एकदम पडली, म्हणून बाहेर खूण राहिली नाही. आत धड खाचेत घट्ट होतं, ते जागीच थांबलं. डोकं अधांतरी होतं, ते थांबलं नाही. ते तळावर आपटलं, मानेला चीर गेली आणि मग चढवलेल्या तारांनी डोकं पुढे ओढून ती चीर उघडली. कापडी बॅग पाठीवर असती तर पडलीच नसती. केस चांगलीच असते, पण तिच्या भरवशावर मी जपायचंच सोडलं. नॅथनने मला हे आधीच सांगितलं होतं."

"टॉवेल असता तर न्हाय मोडला असता," टेरेझा म्हणाली.

"बरोबर. नॅथनने टॉवेल ठेवला होता. तो कुणीतरी काढला. का, तर त्याला बोंबलाचा वास येत होता आणि त्या माणसाला आपल्या नव्या केसमध्ये तो वास नको होता. टॉवेल कुठे गेला ते रसिकाने विचारलं नाही, कारण तिला वाटलं नव्या केसला त्याची गरज नसेल." त्यांनी टॉवेल उचलून सगळ्यांना दाखवला. "तिसरी चूक. मी म्हणालो, नॅथनने चावी मागितली म्हणजे त्याच्या मनात काळंबेरं होतं. चावी कशासाठी मागितली होती, नॅथन?"

नॅथन भिंतीपासून हलला नाही. "उचलली तेव्हा आत तारा खडखडल्या. रसिका कधी तारा ढिल्या ठेवत नाय. म्हणून बोललो, एकदा उघडून बघू."

"मी काय म्हणालो?"

"बोललात, उघडायचं काय कारण नाय, केस हार्ड आहे."

"मग इथे सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? तुमच्या घरातच मोडला? तुम्ही रसिकाचे बाबा. त्यात मला 'हो की नाही' एवढंच विचारलंत."

बऱ्याच जणांना कळलं होतं. ज्यांना कळलं नव्हतं त्यांच्यासाठी खानविलकरांना ते बोलावंच लागलं.

"केस भाईंदरच्या स्टँडवर येण्याआधीच पडली होती. घरून उचलल्यापासून आतून आवाज येतोय, असं नॅथनने रिक्षावाल्यालाही सांगितलं होतं. ती पडली माझ्या घरात, सकाळी आठ वाजता, माझ्या हातून. टॉवेल मी काढला. केस मी पाडली. बायकोने विचारलं तर काही नाही म्हणालो, कारण मला खरंच वाटलं की काही झालं नाही. पण मंगळवारी दुपारी मला सगळं कळलं होतं. त्यानंतर चार दिवस मी गप्प बसलो. ते मात्र चुकून झालेलं नाही. नॅथन, मी तुझा गुन्हेगार आहे. मला माफ कर असं म्हणायचीही लाज वाटते, पण म्हणतो."

टेरेझा उठली. तिला वाटेत दोन खुर्च्यांचा आधार घ्यावा लागला. नॅथनच्या समोर उभी राहून ती म्हणाली, "डबा घेऊन आलास तर मी दार लावलं. परक्या माणसाचं ऐकलं आणि तुझं न्हाय." तिने नॅथनचा हात धरला, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही. लाजेने मान खाली घालणारी ती हॉलमध्ये एकटी नव्हती. मॅक्सवेल पुन्हा वायरी गुंडाळू लागला होता आणि मागच्या रांगेतले दोन शिक्षक खिडकीबाहेर बघत होते.

"आणखी एक," खानविलकर म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं. "बाहेर ओरखडा नाही, तर प्रवासात नुकसान नाही. हा नियम मी एकतीस वर्षं वापरला. एकदा वसईच्या एका कारखान्यातून मापाचं एक नाजूक यंत्र गेलं होतं. खोकं चकचकीत, आत काच फुटलेली. मी लिहिलं, फुटलेलंच भरलं असणार. ते भरणाऱ्या माणसाचं नाव काशीनाथ. तो माझ्यामागे गेटपर्यंत आला होता. म्हणत होता, साहेब, मी नीट भरलं होतं. मी अहवाल बदलला नाही. त्याला कामावरून काढलं, एवढं मला कळलं होतं."

ते बोलायचे थांबले तरी लोक बसूनच होते. रसिकाने पुढे येऊन केस बंद केली. वडिलांकडे तिने पाहिलं, पण लगेच जवळ गेली नाही.

दाराजवळून नॅथनचा आवाज आला. "त्या काशीनाथचं पुढे काय झालं, अंकल?"

खानविलकरांनी चष्मा काढला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "मी कधी विचारलंच नाही."

"मग विचारा," नॅथन म्हणाला, आणि टेरेझाला धरून तो तिच्या घराच्या दिशेने चालू लागला.